मिस्तरीचा कान

माझ्या कानाचं एके काळी नाव होतं. पारोळ्याजवळच्या एका जिनिंग मिलमध्ये मी फिटर होतो. आजूबाजूच्या मिलमध्ये एखादं बेअरिंग कुरकुर करायला लागलं की लोक मोटारसायकल पाठवून मला उचलून न्यायचे. मी जायचो, लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचो, त्याचा दांडा कानामागच्या हाडावर दाबायचो आणि डोळे मिटायचो. मग सांगायचो, हे अजून आठ दिवस काढेल, ते मात्र आजच बदला. सहसा चुकायचो नाही. लोक म्हणायचे, मिस्तरीचा कान म्हणजे कान. मीही फुगायचो. माणसाला फुगायला काय लागतं, चहा पाजून दोघांनी मान हलवली की पुरे.

हे लिहितोय ते त्या कानाबद्दल, आणि माझ्या दोस्ताच्या उजव्या हाताच्या चार बोटांबद्दल. ती बोटं माझ्या कानापायी गेली. मला माहीत होतं, त्याला नव्हतं. वीस वर्षांच्या वर मी ते पोटात ठेवलं आणि त्याच्याच घरी ताटाला ताट लावून जेवलो. यंदा ते बाहेर काढायची पाळी आली, कारण यंदा माझं डोकं गरगरायला लागलं आणि त्याने धरल्याशिवाय मला रस्ता ओलांडता येईना.

जिनिंग मिल ज्याने आतून पाहिली नाही त्याला थोडं सांगावं लागेल. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना मशिनी, वरून कापूस पडतो, मशीन सरकी खाली टाकते आणि रुई पुढे ढकलते. आवाज असा की शेजारच्याच्या कानाशी जाऊन ओरडलात तरी त्याला फक्त तुमच्या तोंडाचा वास कळेल. म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. कुणी शिकवत नाही, आठ दिवसांत येतं. पंजा पसरून हलवला की चालू. मूठ आवळून वर केली की बंद. अंगठा ओठाला लावला की पाणी. चार बोटं कपाळाला टेकवली की मालक आला. पाचही बोटं झटकली की जाऊ दे, सोडून दे. पहिलं बोट ताठ करून हलवलं की थांब, तुला बाहेर बघतो. माझा दोस्त यात उस्ताद. दिवसभरात तो तोंडाने दहा शब्द बोलत नसेल, पण त्याची बोटं गप्प बसायची नाहीत. जेवायच्या सुट्टीत बाहेर लिंबाखाली बसलो तरी तो हातानेच शिव्या द्यायचा आणि हातानेच समजूत काढायचा.

तो क्लीनरवर होता. कापूस मशिनींकडे जायच्या आधी क्लीनरमधून जातो. आत लोखंडी काट्यांचा जड ड्रम फिरतो, तो माती, पाचोळा झटकून टाकतो. ओला कापूस आला की क्लीनर तुंबतो. मग झाकण उघडायचं आणि हात घालून बोळा ओढून काढायचा. हे काम लाईट गेली की करायचं, कारण तेव्हा बाकीची शेड आपोआप गप्प व्हायची. पण ड्रम जड. लाईट गेली तरी तो आपल्याच जोरावर बराच वेळ फिरत राहतो, आणि आतल्या अंधारात, रुईच्या धुराळ्यात, तो फिरतोय की थांबलाय हे डोळ्याला दिसत नाही. म्हणून आमच्याकडे रीत होती. मिस्तरीने वाकून ड्रमला कान द्यायचा, मिस्तरीने मूठ वर केली की मगच हात घालायचा. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण ती कुणी मोडत नव्हतं.

ड्रम थांबताना आधी घुमतो, मग ते घुमणं खाली खाली जातं, आणि शेवटी काट्यांनी हवा कापल्याचा एक बारीक सिसकारा उरतो. तो संपला की ड्रम थांबला. मी मूठ दाखवली की दोस्त दात काढायचा आणि म्हणायचा, "तुना कान शे म्हनीसन मना हात शे." तुझा कान आहे म्हणून माझा हात आहे. त्याच्या दहा शब्दांतले सात रोज यावर खर्च व्हायचे.

तो सिसकारा मला यायचा बंद नेमका कधी झाला, हे सांगता येत नाही. कान काही भांडं पडून फुटावं तसा जात नाही. आधी लिंबावरची पाखरं गेली. मला वाटलं, पाखरंच कमी झाली असतील. मग दुसऱ्या खोलीतली कुकरची शिट्टी गेली. बायकोचं बोलणं ऐकू यायचं, पण कळायचं नाही. आवाज यायचा, शब्दांच्या कडा झिजलेल्या. मी उलटं तिलाच झापायचो, नीट बोलत जा, तोंडात सुपारी आहे का. बिचारी मोठ्याने बोलायला लागली आणि शेजारणींना वाटलं आमच्यात रोजच भांडण चालतं.

त्याच सुमाराला डोक्यात सूं सुरू झाली. मिलमधून घरी यावं, पाय धुवावेत, ताटावर बसावं, तरी सूं. कानात बोट घालून पाहिलं, तेल घालून पाहिलं, मंदिरात नारळ फोडून पाहिलं. ती काही जाईना, तेव्हा मी ठरवलं, तिच्याकडे लक्षच द्यायचं नाही. आणि खरं सांगतो, वर्षभरात ते जमलं. बारीक सिसकारा ऐकू आला की मी मनाशी म्हणायचो, हा आपला आहे, बाहेरचा नाही, आणि तो बाजूला सारायचो. या शहाणपणाचा मला तेव्हा अभिमानसुद्धा वाटायचा.

कुणाला बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बेअरिंगचा जाड घरघराट पेचकसातून हाडात आणि हाडातून डोक्यात उतरायचा, तो अजून कळत होता, त्यामुळे नाव टिकून होतं. बहिऱ्या मिस्तरीला कोण विचारतंय? क्लीनरपाशी मी लबाडी करायचो. कान दिल्यासारखं करायचं आणि आडोशाने हळूच पेचकस टेकवून घ्यायचा. ड्रम फिरत असला की दांड्यात थरथर लागायची. असं दोन-तीन हंगाम निभावलं.

त्या दिवशी भर दुपारी लाईट गेली. क्लीनर तुंबलेला, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, मालकाचा माणूस शेजारी येऊन उभा, आणखी चारजण तोंडाकडे बघतायत. दोस्ताने झाकण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो. सिसकारा होता. बारीक, एकसारखा. आज मी खोटं लिहिणार नाही, तो मला ऐकू येत होता. पण तो ड्रमचा की माझ्या डोक्यातला, हे मला ठरवता आलं नाही. पेचकस खिशात होता. तो काढून लावायला कितीसा वेळ लागला असता? पण एवढ्या माणसांसमोर कळलं असतं की मिस्तरीला आता थांबलेला ड्रमसुद्धा पेचकस लावून बघावा लागतो. मी मनाशी म्हटलं, आपलाच आहे. आणि मूठ वर केली.

दोस्ताने हात घातला.

पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्याची किंकाळी मला स्पष्ट ऐकू आली. तेवढा आवाज ऐकण्याइतका माझा कान धडधाकट होता.

टेम्पोत घालून धुळ्याला नेताना कुणीतरी विचारलं, झालं कसं? मीच बोललो, "लाईट लपकली. आली नि गेली." उचलली जीभ लावली टाळ्याला. ते वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं, पण तोंडातून निघालं आणि सगळ्यांना पटलं, कारण तेव्हा लाईट तशी लपकायचीच. शेडमधला एखादा बल्ब पेटलेला कुणी पाहिला का, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चार दिवसांनी दोस्ताला शुद्धीत गोष्टी कळायला लागल्या, तेव्हा दुसऱ्यांनीच त्याला हे सांगितलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर बोललो असतो. नाही बोललो.

त्याने गावच्या वायरमनला धरलं. "त्या वायरमननी मना हात खादा," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ओठ हलायच्या आधी मला कळायचं. वायरमन भला माणूस. दवाखान्यात भेटायला आला होता, याने भिंतीकडे तोंड केलं. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, याने दारातून परत पाठवली. आजही गावात वायरमन समोरून आला की हा पाठ करून उभा राहतो. त्या माणसाने माझ्याजवळ एकदा डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं, भाऊ, मी त्या दिवशी तारेला हातसुद्धा लावला नव्हता, मग हा मला का खातोय? मी म्हटलं, जाऊ द्या, दुखावलेला माणूस आहे. लाज वाटायला पाहिजे होती, आणि वाटलीही, पण लाजेने कुणाचं तोंड उघडतं का?

वर त्याची ती बोटं दुखायची. जी नाहीत ती. थंडी पडली की करंगळी कुणीतरी पिळतंय म्हणायचा. "जठे नही तठे दुखस भो," असं म्हणून डाव्या हाताने रिकाम्या जागी हवा चोळायचा. लोक हसायचे, म्हणायचे, मनाचे खेळ आहेत. मी हसलो नाही, एवढंच काय ते माझं पुण्य. पुढे पुढे तो उजवा हात खिशातच ठेवायला लागला. कधी बोलण्याच्या भरात तो खिशातून वर यायचा, हवेत हलायचा, आणि त्यातून काही निघायचं नाही. मग तो हात परत खिशात जायचा आणि बोलणंही तिथेच थांबायचं.

यंदा थंडी सरताना एका सकाळी मी खाटेवर कूस बदलली आणि छप्पर गरकन फिरलं. उलटी झाली. दोन दिवसांनी उंबऱ्यात पडलो. काठी मला नको होती, म्हातारा दिसतो. दोस्त आला, त्याने मला उभं केलं, डाव्या हाताने दंड धरला आणि म्हणाला, "चाल, धुय्याले जाऊत." रस्ताभर त्याने दंड सोडला नाही. मी त्याच्या आधाराने चालत होतो आणि मनात म्हणत होतो, हा एक हात तरी माझ्या कानापासून वाचला ते नशीब.

धुळ्याच्या दवाखान्यातल्या तरण्या डॉक्टरने मला बाकावर बसवलं, डोकं धरून झटकन मागे आडवं केलं आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिला. खोली पुन्हा फिरली. मग त्याने समजावलं. कानाच्या आत चुन्याचे बारीक कण असतात, खाली कुठे आणि वर कुठे हे ते डोक्याला सांगतात. माझे काही कण जागेवरून सुटून भलत्याच नळीत शिरले होते. मी निजलेला असलो तरी कान सांगतो फिरतोय, डोळे सांगतात नाही, आणि त्या दोघांच्या भांडणात पोट ढवळून निघतं. आमच्याकडे घराघरात कुणाच्या तरी मूत्रपिंडात खडा असतो, पण कानातला खडा मी पहिल्यांदाच ऐकला. त्याने माझं डोकं या कुशीला, त्या कुशीला वळवून ते कण जागेवर घालायचा प्रयत्न केला. गरगर निम्मी कमी झाली. पण मी सारखा त्याच्या ओठांकडे बघतोय हे त्या पोराच्या लक्षात आलं होतं. त्याने चिठ्ठी लिहून कान तपासायला पाठवलं.

तिथे काचेची खिडकी असलेली एक छोटी बंद खोली. आत मी, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. बाहेर तपासणारी बाई, आणि तिच्या शेजारी स्टुलावर दोस्त. बाई म्हणाली, बाबा, आवाज आला की बटण दाबायचं, कितीही बारीक असला तरी. दार लागलं. आयुष्यात इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती, आणि त्या शांततेत माझी सूं मिलच्या शेडइतकी मोठी झाली.

जाड आवाज आले, मी दाबत गेलो. मग बारीक सुरू झाले. सूं होतीच. तिच्यात काही मिसळलंय का, हे मी डोळे मिटून शोधत होतो. बराच वेळ काही दाबलं नाही. बाईने दार उघडलं. म्हणाली, "बाबा, शेवटचे तीन मी चांगले मोठ्याने वाजवले होते. काहीच आलं नाही?"

मी म्हटलं, "येत व्हतं. माले वाटनं तो मनाच शे."

तो माझाच आहे. क्लीनरवर वाकून मी मनाशी हेच म्हटलं होतं. बाईच्या खांद्यावरून दोस्त माझ्याकडे बघत होता.

बाईने कागदावर रेघ काढून दाखवली. इथपर्यंत बरी, आणि इथून कडा तुटल्यासारखी खाली. म्हणाली, कानाच्या आत शंखासारखी जागा असते, तिथे बारीक केस असतात, आवाज आला की ते हलतात. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिलं की वादळात केळी आडवी व्हावी तसे ते आडवे होतात. केळी परत लावता येते, हे परत उगवत नाहीत. मग डोक्याला तिकडून आवाज मिळत नाही, म्हणून डोकं आपलाच आवाज तयार करून त्या जागी बसवतं. तीच तुमची सूं.

दोस्त स्टुलावरून पुढे वाकला. तो म्हणाला, "मंग मना बोटं भी तशाच. डोकामा शेतस, हातले नहीत." बाईने मान हलवली, हो म्हणाली, तसंच काहीसं. दोस्ताने सुस्कारा सोडला, कारण इतक्या वर्षांत त्याला कुणी हो म्हटलं नव्हतं. मग त्याने विचारलं, यांचा कान किती वर्षांपासून असा आहे? बाई म्हणाली, नक्की सांगता येत नाही, पण आजचं नाही हे. मिल सोडायच्या कितीतरी आधीपासून असणार.

स्टँडवर पारोळ्याच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. दोस्त काही विचारत नव्हता. त्याने विचारलं असतं तर कदाचित मी पुन्हा काही जुळवलं असतं, माझी जीभ तशी तयार आहे. पण तो विचारत नव्हता, आणि तो एकटाच मनात एकेक वर्ष मागे जातोय हे मला दिसत होतं. मी समोरच्या फरशीकडे बघत म्हटलं, "त्या दिन लाईट उनी नव्हती. डरम फिरत व्हता. तो आवाज मना डोकामाधला शे असं समजीसन मी मूठ दाखाडी. वायरमननी काही करं नही."

लाईट आलीच नव्हती, हे एकदाचं बोलून मी वर पाहिलं. त्याने तोंड पलीकडे फिरवलं होतं, गाड्यांकडे. तो बोलत होता. मागून त्याचा जबडा हलताना दिसत होता, एक-दोन शब्द नाही, बराच वेळ. शेजारी गाडीचं इंजिन सुरू, कंडक्टर ओरडतोय, आणि माझ्या डोक्यात सूं. वीस वर्षं जे ऐकायची भीती होती ते तो बोलत होता, आणि त्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही.

अशा वेळी मी आजवर मान डोलावत आलो. लग्नात, मयतीत, नातवंडांसमोर, सगळीकडे. त्या दिवशी डोलावली नाही. म्हटलं, "काय बोलना? माले ऐकू उनं नही."

तो वळला. डोळे लाल झालेले. त्याचा उजवा हात सवयीने खिशातून वर आला आणि माझ्यासमोर हलला, मिलमध्ये हलायचा तसा. जाऊ दे म्हणाला, की तुला बघतो म्हणाला? या दोन्ही गोष्टी बोटांनीच सांगायच्या. तिथे अंगठा होता आणि चार खुंट. मी त्या हाताकडे बघत राहिलो. मग त्यानेही हाताकडे पाहिलं आणि तो खिशात घातला.

गाडी आली. तो माझ्या शेजारी बसला नाही, पुढच्या सीटवर बसला. पारोळ्यापर्यंत मी त्याची मान बघत आलो. उतरताना मात्र उठला, डाव्या हाताने माझा दंड धरला आणि मला पायऱ्यांवरून खाली घेतलं. इतका घट्ट धरला की खांद्यापर्यंत कळ गेली. घर येईपर्यंत त्याने तो हात सोडला नाही, आणि सैलही केला नाही.